पश्चिमेकडे पाहणारी डिश

सोलापुरात कुठल्याही उंच गच्चीवर जा आणि चारही बाजूंना नजर टाका. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, रमजानच्या आधी शेवयांच्या खाटा आणि या सगळ्यातून डोकावणाऱ्या डिश. विजापूर वेस असो, नई जिंदगी असो की पूर्व भागातल्या पद्मशाली वस्त्या, सगळ्या डिशची तोंडं आग्नेयेच्या आसपास वळलेली असतात. भाषा, जात, पक्ष काहीही असो, या एका बाबतीत शहराचं एकमत आहे. कारण टीव्हीचे आपले उपग्रह विषुववृत्तावर साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहेत आणि सोलापूर ७६ अंशांच्या जवळ. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर आहे. तो आपल्याला आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ६१ अंश वर सापडतो.

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात एका डिशने पश्चिमेकडे तोंड केलं आणि आठवडाभरात ती खाली उतरली. कुणी कायद्याने उतरवली नाही. घरच्यांनीच उतरवली, घाबरून.

डिश माझ्या एका माजी विद्यार्थ्याची. आता अकरावी सायन्सला आहे. भंगारातून आणलेली ६० सेंटिमीटरची जुनी डिश, दुकानात मिळतो तो साधा युनिव्हर्सल एलएनबी आणि लॅपटॉपला जोडायचा, पेन ड्राइव्हएवढा एक रेडिओ रिसीव्हर, ज्याला आरटीएल-एसडीआर म्हणतात. एलएनबीला बारा व्होल्ट देण्यासाठी बायस-टी नावाची एक डबी. लॅपटॉप सोडला तर सगळा खर्च एका बऱ्या मोबाइलच्या निम्म्याहून कमी. त्याला ऐकायचा होता क्यूओ-१००.

हे काय आहे ते थोडक्यात सांगते. कतारचा एस्हेल-२ नावाचा टीव्हीचा उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडला गेला. कतारमधले हौशी रेडिओवाले आणि जर्मनीची एएमसॅट-डीएल ही संस्था यांच्या खटपटीमुळे त्यावर एक कोपरा हौशी लोकांसाठी राखला गेला. तोच क्यूओ-१००. हौशी रेडिओचे उपग्रह आधीही होते, आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला हॅमसॅटही त्यातलाच. पण ते आकाशातून पळत जायचे. दहा-पंधरा मिनिटं हाताशी, मग क्षितिजाखाली. हा भूस्थिर आहे, जागचा हलत नाही, आणि हौशी लोकांच्या वाट्याला आलेला असा हा पहिलाच. ब्राझीलच्या पूर्व भागापासून थायलंडपर्यंतची माणसं २४०० मेगाहर्ट्झवर वर बोलतात आणि तो तेच बोलणं १०,४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे खाली पाठवतो. एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो, उरलेले ७३९ मेगाहर्ट्झ त्या पेन ड्राइव्हएवढ्या रिसीव्हरला समजतात. इतकी सोपी वजाबाकी.

कतारचा उपग्रह २६ अंश पूर्वेला. सोलापुरातून तो पश्चिमेच्या १४ अंश दक्षिणेला आणि क्षितिजापासून ३० अंश वर येतो. आपल्या वाचकांना ही दिशा चटकन कळेल. सोलापुरातून किबला पश्चिमेच्या १२ अंश उत्तरेला आहे. म्हणजे मुसल्यावर उभे असाल तर थोडं डावीकडे, हात लांब करून दीड वीत मोजा आणि नजर वर करा. त्या मुलाने होकायंत्र न वापरता दिशा अशीच धरली होती. डिशचा झोत मात्र जेमतेम सव्वातीन अंशांचा, हात लांब केल्यावर दोन बोटांची रुंदी. त्यामुळे शेवटचं काम डिश केसभर हलवायचं, थांबायचं, स्क्रीनवर बघायचं, पुन्हा हलवायचं. शिवाय उपग्रह आपल्याला इतका बाजूला आहे की त्याच्या उभ्या लहरी इथे चांगल्याच कलून पोचतात, म्हणून एलएनबीसुद्धा त्याच्या खोबणीत बराच फिरवावा लागतो. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी मोर्सची टकटक आली आणि मागोमाग इंग्रजीत कुणीतरी आपलं नाव आणि गावाचं हवामान सांगत होतं.

आता शेजाऱ्यांकडे वळू. त्याच्या अब्बांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं ते शब्द असे : "टीचर, सामनेवाले पूछ रहे, ये डिश हमारे घर कू कायकू देख रा?"

प्रश्न अगदी चुकीचा नाही, हे मी आधीच कबूल करते. ती डिश खरोखरच समोरच्या घराकडे पाहत असल्यासारखी दिसते. घरगुती डिश ही पूर्ण वाटी नसते, मोठ्या वाटीचा एका बाजूचा कापलेला तुकडा असतो. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहते. टीव्हीचा उपग्रह ६१ अंशांवर, म्हणून त्याची डिश मागे रेललेली, आभाळाकडे पाहणारी दिसते. कतारवाला ३० अंशांवर, म्हणून त्याची डिश भिंतीसारखी ताठ उभी. नजर आभाळात, चेहरा समोरच्या खिडकीकडे. त्यातून सगळा मोहल्ला आग्नेयेकडे पाहत असताना ही एकटी पश्चिमेला. वर मुलगा रात्री कानाला हेडफोन लावून बसलेला. आणि घराच्या पाटीवरचं नाव आपल्यापैकी.

डिश फक्त ऐकते, तिच्यातून कुणाच्या घराकडे काही जात नाही, हे मी त्यांना समजावलं. ते सुशिक्षित आहेत, त्यांना पटलंही. तरी म्हणाले, "आप को मालूम, मेरे को मालूम. पर पूछनेवाले कू कौन समझाएगा?" डिश आता मुलाच्या मामांच्या गच्चीवर आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी तो तिथे जातो. सगळे म्हणतात, चला, तोडगा निघाला. मला हा तोडगा पटलेला नाही.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या घरात पोराच्या टेबलावर वायर, सोल्डर, अँटेना दिसली की आईच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या कुणाच्या घरात त्याच टेबलाचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात, "आमचा शास्त्रज्ञ" म्हणून. हा फरक कुठून आला ते आपण सगळे जाणतो, त्यावर मी इथे पान भरत नाही. मला बोलायचं आहे ते या भीतीने आपल्याच मुलांना काय शिकवलं जातं त्यावर. मुलगा शिकला की डिश चांगली चालत होती, त्याचं गणित बरोबर होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं, तरी ती लपवायची गोष्ट आहे. लपवलेली अँटेना उघड्या अँटेनापेक्षा जास्त संशयास्पद असते, हे त्याला कुणी सांगणार आहे की नाही?

खरं तर हौशी रेडिओइतका उघडा छंद दुसरा नसेल. भारतात बोलायचं तर परीक्षा द्यावी लागते, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी; रिस्ट्रिक्टेडला मोर्सची अटही नाही. वय बारा पूर्ण असलं की अर्ज करता येतो. परवान्यासोबत व्हीयूने सुरू होणारं नाव मिळतं आणि हवेत तोंड उघडलं की ते नाव सांगावंच लागतं. गुप्त लिपीला मनाई, धंद्याच्या बोलण्याला मनाई. जे बोलाल ते कुणीही ऐकावं, असाच हिशेब. आपण ज्या मोबाइलला निरुपद्रवी समजतो, त्यातल्या बंद गटांत काय चालतं याच्याशी तुलना करा. म्हणून माझं म्हणणं असं की ऐकण्यापुरता छंद असला तरी मुलांना त्या परीक्षेला बसवा. ज्याच्या भिंतीवर सरकारी परवाना लटकतो आहे त्याच्या अब्बांना रस्त्यात कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कागद असतो. कागदाने सगळी भीती जात नाही. पण मामांच्या गच्चीपेक्षा तो बरा उपाय आहे.

शेजाऱ्यांच्या शंका जगभर सारख्याच, हेही मुलांना माहीत हवं. १९३७ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावी ग्रोट रीबर या हौशी रेडिओवाल्या तरुणाने घराच्या अंगणात, स्वतःच्या पैशाने, लाकूड आणि पत्रा वापरून एकतीस फुटांची अन्वस्त डिश उभी केली. पाऊस पडला की वाटीच्या मधल्या भोकातून पाण्याची धार लागायची. गावात बातमी पसरली की हे पाणी गोळा करायचं, हवामान ताब्यात ठेवायचं यंत्र आहे. रीबरने डिश उतरवली नाही. पुढची काही वर्षं आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरींवर पद्धतशीर काम करणारा तो जगात जवळजवळ एकटाच माणूस होता.

मी विज्ञानाची शिक्षिका नाही, भाषेची आहे. तेव्हा वर वापरलेल्या एका शब्दाबद्दल बोलण्याचा हक्क मला आहे. डिशच्या आकाराला मराठीत अन्वस्त म्हणतात. उर्दूत कता-ए-मुकाफी. आमच्या मुलांना यातला एकही शब्द भेटत नाही, कारण हा आकार अकरावीच्या गणितात येतो आणि तोवर सायन्सची वाट इंग्रजीत शिरलेली असते. मुलं पॅराबोला म्हणतात, सूत्र पाठ करतात, आणि घरावरची डिश म्हणजेच ते सूत्र आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. आता हा 'कता' कुठला? अकराव्या शतकात कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसमने अन्वस्ताकार जाळणाऱ्या आरशांवर, मराया-ए-मुहरिकावर, एक स्वतंत्र रिसाला लिहिला. त्याच्या अरबी नावात हाच शब्द आहे, कुतू, म्हणजे शंकूचे छेद. समांतर येणारे सगळे किरण या आकारावरून परतताना एकाच बिंदूत जमतात, हे त्यात सिद्ध केलं आहे. शोध पहिल्यांदा त्याचा नव्हे. ग्रीक गणिती डायोक्लीसने त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधी ते दाखवलं होतं. पण डायोक्लीसचा मूळ ग्रीक ग्रंथ पूर्ण उरला नाही. तो पुन्हा सापडला अरबी भाषांतरात आणि १९७६ मध्ये छापला गेला. इब्न अल-हैसमचा रिसाला पुढे लॅटिनमध्ये गेला.

हे नाव आपल्या जलशांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत, व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षातून दहादा ऐकू येतं. आमच्या पूर्वजांनी हे केलं, ते केलं. वक्ता हातवारे करतो, टाळ्या पडतात. मी अशा एका कार्यक्रमात शेजारी बसलेल्या गृहस्थांना विचारलं, आपल्या मोहल्ल्यात एका पोराने तोच आरसा गच्चीवर बसवलाय, बघायला येता का? ते म्हणाले, अल्लाह खैर करे, त्याला सांभाळून राहायला सांगा. इब्न अल-हैसमचा अभिमान बाळगायचा आणि त्याच्या आरशाला घाबरायचं, या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात ते मला समजत नाही. (सावधगिरी एकाच बाबतीत हवी. डिशला चकचकीत फॉइल चिकटवून ती सूर्याकडे वळवू नका. किरण जमतात तिथे प्लास्टिक वितळतं आणि डोळा तर क्षणात जातो. आरशाचं नाव 'जाळणारा' उगाच नव्हतं. डिशचा रंग कळाहीन ठेवतात तो त्यासाठीच.)

"हे आपल्या ऐपतीचं काम नाही" असंही म्हटलं जातं. त्यांनी आपल्या सीमेपलीकडे पाहावं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात नासाच्या एटीएस-६ या उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांत साधारण २४०० गावांना थेट टीव्ही दाखवला गेला. साइट प्रयोग म्हणतात तो हाच. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते; म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांची आजोळं. त्या गावांत शाळेवर किंवा चावडीपाशी जी दहा फुटी डिश बसवली होती ती कशाची होती? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी ती मुद्दाम तशी केली, कारण ८६० मेगाहर्ट्झची लहर ३५ सेंटिमीटर लांब असते आणि तिला जाळीतली भोकं दिसतच नाहीत. लहरीच्या दहाव्या भागापेक्षा भोक लहान असलं की तिच्या लेखी तो अख्खा पत्रा असतो. वारा मात्र आरपार जातो.

हेच तत्त्व पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला पाहायला मिळतं. प्रा. गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश अशाच बांधल्या. ताणलेल्या स्टीलच्या दोऱ्या, त्यावर बारीक तारेची जाळी, मधल्या भागात १० मिलिमीटरचं घर, कडेला २० चं. याच स्वरूपांनी १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या बत्तीस जुन्या डिश लावून सूर्याचा अभ्यास सुरू केला होता. त्या प्रत्येकी सहा फुटांच्या होत्या. सहा फूट म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढी वाटी. तेवढी आपल्याला जमेल.

आमच्या शाळेत आता तेच चाललं आहे. गणित असं : व्यास १८० सेंटिमीटर, केंद्रबिंदू तळापासून ७२ सेंटिमीटरवर. मधून जितकं बाहेर जाल त्याचा वर्ग करा आणि २८८ ने भागा, तितकी वाटी वर उचलते. ३० सेंटिमीटरवर ३.१, ६० वर १२.५, कडेला ९० वर २८.१. हे आकडे प्लायवूडवर उतरवून एक साचा कापला आणि त्यावर बारा सळया वाकवल्या. वाकवणारा आमच्या एका मुलीचा मामा, लूमचा फिटर. तीस वर्षं माग दुरुस्त केलेला माणूस. त्याला सूत्र सांगायची गरज पडली नाही, साच्यावर हात फिरवून म्हणाला, दोन सळ्या कमी वाकल्यात. मोजल्यावर खरोखर सव्वा सेंटिमीटरचा फरक निघाला. या शहरात असे हात गल्लोगल्ली आहेत आणि मागांबरोबर तेही कमी होत चालले आहेत. अशा माणसाला वर्गात उभं करायला आम्हाला निमित्त लागलं डिशचं.

ही जाळीची डिश कतारसाठी नाही. तिकडची लहर तीन सेंटिमीटरहूनही छोटी, तिला दोन-तीन मिलिमीटरची चूकही चालत नाही. ते काम कारखान्यातल्या डिशचंच. आमची डिश १४२० मेगाहर्ट्झसाठी आहे, लहर २१ सेंटिमीटर. आकाशगंगेतला हायड्रोजन वायू याच लहरीवर कुजबुजतो. १९५१ मध्ये हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ती कुजबुज पहिल्यांदा ऐकली ती प्लायवूडच्या, आतून तांब्याने मढवलेल्या कर्ण्याने. आमच्या डिशच्या केंद्राशी पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंदीचा तेलाचा गोल डबा बसेल आणि त्यात साडेपाच सेंटिमीटरच्या आतबाहेर एक तांब्याची काडी. मग सिग्नल वाढवणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि तोच पेन ड्राइव्हएवढा रिसीव्हर. दहावीच्या पुस्तकातला 'अवकाश मोहिमा' हा धडा मुलं पाठ करतात. पहिल्यांदाच त्यांना तो धडा परीक्षेच्या बाहेर सापडला.

या कामात मुली जास्त आहेत. मी तसं ठरवलं नव्हतं. पण विचार केला तर साहजिक आहे. आमच्या मुलींना सहलीला पाठवत नाहीत, संध्याकाळच्या क्लासला पाठवताना दहा प्रश्न विचारतात, मैदानाचं तर नावच नको. गच्चीवर मात्र त्यांचं राज्य असतं. कपडे, शेवया, पापड, पतंग, सगळं तिथेच. घर न सोडता आकाशगंगेपर्यंत जाता येईल असा छंद दुसरा कुठला? गच्चीवरच समाधान मानावं असा याचा अर्थ कुणी काढू नये. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये हौशी रेडिओचं केंद्र चालवून बाहेरच्या जगाशी संपर्क टिकवणाऱ्या तुकडीची प्रमुख एक बाई होती, भारती प्रसाद. ती घरच्या गच्चीवरून नव्हे, समुद्रापलीकडे जाऊन तिथे पोचली होती. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. फेब्रुवारीअखेर मुलींना तिथे न्यायचं आहे आणि त्यासाठी पालकांकडे मी एकेक करून जाते आहे. आतापर्यंत सात घरांनी हो म्हटलं, चार घरं "बघू" वर आहेत, एका घरात मला चहा मिळाला पण उत्तर मिळालं नाही.

बारा सळया सध्या शाळेच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. कुणाच्या घरी टीव्हीची जुनी डिश, एलएनबी किंवा केबलचं वेटोळं पडून असेल तर भंगारात देऊ नका, आम्हाला द्या. जाळी अजून आणायची आहे. कुणी देणार असेल तर अर्धा इंची द्या. एक इंची स्वस्त मिळते, पण तिची भोकं २१ सेंटिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा मोठी पडतात. हे गणित माझं नाही, नववीतल्या एका मुलीने केलं आणि दुकानदाराने एक इंची पुढे केली तेव्हा तिने ती परत केली.